सतरा नंबरचा धान

आपण कशासाठी जगतो हे ज्याला नेमकं ठाऊक असतं, त्याला रोजचे निर्णय घ्यावे लागत नाहीत. ते त्याच्या ध्येयाने आधीच घेतलेले असतात. हे वाक्य माझं नाही. मी ज्या सरकारी प्रशिक्षण केंद्रात नोकरी केली, त्याच्या जिन्यात ते सोनेरी अक्षरांत फ्रेम करून लावलं आहे आणि फ्रेमच्या मागे पाली राहतात. नऊ वर्षं मी तो जिना चढलो-उतरलो. तेवढ्या काळात हे वाक्य शब्दशः खरं करून दाखवणारा एकच माणूस माझ्या पाहण्यात आला. तो माझा घरमालक होता. धानाचं एक पाकीट परत करणं, हे त्याचं ध्येय होतं.

त्यांना सगळे काकाजी म्हणत, मीही म्हणू लागलो. गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यात त्यांचं स्लॅबचं घर होतं आणि चौदा-पंधरा किलोमीटरवर कामठ्याला शेती. मी खोली पाहायला गेलो तेव्हा ते अंगणात मांजरांसाठी दूधभाकर कालवत होते. मी नाव सांगितलं, नोकरी सांगितली. दोन्हींकडे त्यांनी लक्ष दिलं नाही.

"गाव कोणतं?"

"सालेकशाच्या पुढे आहे, काकाजी. लहानसं आहे."

"वावर आहे?"

"दोन एकर. बाबूजी करतात."

"धानच ना?"

"धानच."

"बाजूले कोनाचं वावर आहे?"

"एका बाजूला नाला आहे, दुसऱ्या बाजूला जंगल."

हे ऐकल्यावर, होणाऱ्या जावयाला सरकारी नोकरी आहे हे कळल्यावर सासूच्या चेहऱ्यावर जे येतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर आलं. म्हणाले, "राहा मंग."

मी जातीचा कोण, मटण खातो का, पाहुणे किती येतात, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. एवढ्या मोठ्या मनाचा घरमालक मी पाहिला नव्हता आणि पहिले काही महिने मी हे ऑफिसात सगळ्यांना सांगत असे. माझ्या आधी एक बडे अधिकारी ती खोली पाहून गेले होते. तीन महिन्यांचं भाडं आगाऊ द्यायला तयार होते. काकाजींनी त्यांना नाही म्हटलं होतं. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "त्याच्या गावी संत्रं आहे. संत्र्यावाला मानूस काय कामाचा?"

हे न कळूनही मी हसलो. कळायला वेळ लागला.

गोष्ट अशी होती. काकाजी बावीस वर्षांचे असताना, म्हणजे गोंदिया वेगळा जिल्हा व्हायच्याही आधी, एक शेतकी साहेब जीप घेऊन कामठ्याला आले. चावडीसमोर शेतकऱ्यांना बसवून त्यांनी धानाची छोटी छोटी पाकिटं वाटली. प्रत्येक पाकिटावर नंबर होता. काकाजींना सतरा नंबर आला. साहेब म्हणाले, वेगळा पेरा, भेसळ होऊ देऊ नका, कापणीच्या वेळी मी येतो, तेव्हा यातलं एक पाकीट मला परत द्यायचं. मग त्यांनी रजिस्टरात सह्या घेतल्या, चहा घेतला आणि गेले. कापणीला ते आले नाहीत. पुढच्या कापणीलाही आले नाहीत. बाकीच्यांनी आपापल्या नंबरांचा भात करून खाल्ला. काकाजींनी पुन्हा पेरला.

धानाचं बी दोन-तीन वर्षांत उगवणं सोडतं. पाकीट पेटीत जपून ठेवून भागत नाही. दरवर्षी पेरायचं, रोवायचं, कापायचं आणि त्यातलं पुढल्या वर्षासाठी ठेवायचं, तरच पाकीट परत देण्याजोगं राहतं. काकाजींनी हे चाळीसहून जास्त वर्षं केलं. मी एकदा म्हटलं, "काकाजी, ते साहेब आता रिटायर होऊन गेले असतील."

"असन."

"वारलेही असतील."

"असन. घेतल्याची सही आहे ना माही? दिल्याची नाही."

मी सरकारी नोकर आहे, मला हे लगेच पटलं.

एकदा हे समजलं की काकाजींच्या घरातली प्रत्येक वस्तू जागच्या जागी बसत असे. कामठ्याचं मोठं घर सोडून ते कुडव्याला का आले? लोक म्हणत, मुलांच्या शाळेसाठी. मुलगा तेव्हा नापास होऊन घरी बसला होता. खरं कारण उंदीर. मातीच्या भिंतीला उंदीर बीळ करतो, स्लॅबच्या घरात त्याला जड जातं. घरातली सगळ्यांत हवेशीर खोली वरची; तिथे बांबूची, शेणाने सारवलेली ढोली, म्हणजे धान साठवायची कणगी होती आणि तिच्यात सतरा नंबर. माणसं खाली झोपत. मांजरं पाच होती, त्यांना वरच्या खोलीच्या दाराशीच खायला मिळे, म्हणजे त्यांची दोन वेळची हजेरी तिथेच लागे. गाडी त्यांनी जुनी मोपेड ठेवली होती, कारण तिच्या पायाशी पोतं उभं राहतं. निवडणुकीच्या वेळी एक उमेदवार हात जोडून अंगणात आला, रस्ता देतो म्हणाला, नळ देतो म्हणाला. काकाजींनी विचारलं, "उंदराचं काय?" उमेदवाराने सोबतच्या माणसाकडे पाहिलं. सोबतच्या माणसाने डायरीत लिहून घेतलं.

चालता चालता भेसळ काढायची त्यांना सवय होती. सतराच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या वावराच्या तुकड्यात, दुसऱ्या धानाचं एखादं रोप दिसलं की ते उपटून कडेच्या धुऱ्यावर टाकायचं, यात त्यांचे महिने जात, त्यामुळे नजर तशीच झाली होती. लग्नाच्या पंगतीत बसले की कुजबुजत, "थो तिसरा नवरीकडचा नोहे." आणि खरंच तो तिसरा माणूस कुणाकडचाच नसायचा, नुसताच जेवायला आलेला असायचा. कुणी काहीही सुचवलं, गावाला चला म्हटलं, ऑपरेशन करून घ्या म्हटलं, की त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "अन् साहेब आले त?"

स्वतः दोन्ही वेळ ज्वारीची भाकर खात. दहा एकर धान पिकवणाऱ्या माणसाने भाकर खावी हे आमच्याकडे जरा विचित्रच. मी त्याला साधेपणा समजलो. चांगल्या माणसाबद्दल एकदा मत झालं की आपण बाकीचं स्वतःच भरून काढतो.

काकींचं या सगळ्याबद्दलचं मत स्पष्ट होतं. "सतरा नंबर माह्या आधीपासून या घरात आहे. सवतच आहे थे. अन् सवत तरी पोराले सांभाळते." काकाजी त्यांना पाहायला गेले होते तेव्हाची गोष्ट त्या प्रत्येक भाडेकरूला सांगत. "माह्याकडे एकदा पाह्यलं यानं, अन् आमच्या घरच्या ढोलीकडे तीनदा. ढोलीले भोक नव्हतं. लग्न झालं. ढोली बी आली संगं. मले ढोलीसंगं आनलं का ढोलीले माह्यासंगं, मले आजपर्यंत मालूम नाही."

काकाजी तिथेच बसलेले असत. म्हणत, "दोनी बी टिकल्या ना?"

भाडेकरू निवडण्याचं कोडं मला पहिल्या उन्हाळ्यात उलगडलं. मी गावी निघालो होतो. काकाजींनी एक खाकी पाकीट माझ्या हातात दिलं. वर निळ्या शाईत ठळक १७. "बाबूजीले द्या. मनावं, बांधीच्या एका कोपऱ्यात टाका. वेगळा ठेवा. बाजूले जंगल आहे, भेसळ नाही होत." मागच्या खोलीत राहून गेलेल्या कंपाउंडरलाही त्यांनी असंच पाकीट दिलं होतं, त्याने ते बसमध्ये विसरून ठेवलं. काकाजींच्या हिशेबाने माणूस म्हणजे मुळात एक दूरची बांधी होती, तिला बोलता येत होतं एवढंच. माझ्या स्वभावामुळे मला खोली मिळाली नव्हती. नाल्यामुळे मिळाली होती.

मी ते पाकीट रिकाम्या डब्यासोबत आईच्या हाती दिलं आणि विसरलो. पुढच्या वर्षी काकाजींनी विचारलं, "बाबूजीनं टाकला का?" मी म्हटलं, "टाकला." त्याच्या पुढच्या वर्षीही म्हटलं. चार वर्षं म्हटलं. बाबूजींना मी एकदाही विचारलं नव्हतं. आमच्या केंद्रात असे अहवाल रोज जातात.

केंद्राचं काम म्हणजे निरनिराळ्या खात्यांच्या कर्मचाऱ्यांना बोलावून तीन दिवस बसवायचं. त्यात 'ध्येयनिश्चिती' नावाचं एक सत्र असे. पुण्याहून प्रशिक्षक येत, प्रत्येकाला एक पिवळं कार्ड देत आणि डोळे मिटून आपलं जीवनध्येय लिहायला सांगत. कार्डं गोळा करणं माझ्याकडे होतं. बहुतेक कार्डांवर 'बदली' असं लिहिलेलं असे. एका प्रशिक्षकांना मी चहाच्या वेळी काकाजींबद्दल सांगितलं, तर ते फार हरखले. जिवंत उदाहरण म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी काकाजींना मोटारसायकलवर बसवून घेऊन आलो. ते यायला तयार झाले, कारण हॉलमध्ये शेतकी खात्याचेही लोक होते आणि त्यांत साहेब असण्याची शक्यता होती. नव्हते.

प्रशिक्षकांनी माइक त्यांच्यापुढे धरला. "काकाजी, या तरुण मित्रांना सांगा. आपलं जीवनध्येय काय?"

"साहेबाचं पाकीट वापस करनं."

"वा! आणि ते पूर्ण झाल्यानंतर?"

काकाजींनी माइककडे पाहिलं. मग ते म्हणाले, "मंग का? मंग घरी जाईन."

हॉल हसला. प्रशिक्षकही हसले आणि पुढच्या स्लाइडकडे वळले. काकाजी हसले नव्हते. परत येताना गाडीवर म्हणाले, "थ्यानं असं कायले विचारलं?"

त्यानंतरच्या कार्तिकातली गोष्ट. धान कापून झाला होता आणि बांधीत कडपा पडला होता, म्हणजे कापलेल्या पेंढ्या वाळत पसरल्या होत्या. अशात चार दिवस सलग पाऊस आला. पाचव्या दिवशी काकाजींसोबत मी कामठ्याला गेलो. पाण्यात पडलेल्या लोंब्यांना हिरवे कोंब फुटले होते. दुरून पाहिलं तर कुणी हौसेने हिरवळ लावल्यासारखं दिसत होतं. सतराची बांधीही त्यात गेली. काकाजींनी एक लोंबी उचलली, कोंबांकडे पाहिलं आणि म्हणाले, "उगवन चांगली आहे."

घाबरण्याचं कारण नव्हतं. वरच्या खोलीत ढोलीत आदल्या वर्षीचा दोन पायली सतरा नंबर होता. त्या भरवशावरच ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनला कबूल झाले. चार वर्षं ते टाळत होते. यंदा बांधीत राखायला काही उरलं नव्हतं, म्हणून माणूस मोकळा होता. मुलगा पुण्याहून आला आणि त्यांना नागपूरला घेऊन गेला. निघताना काकाजी मला म्हणाले, "ढोलीवर ध्यान ठेवा."

मी ठेवलं. रोज सकाळ-संध्याकाळ टॉर्च घेऊन वर जात होतो. एकही उंदीर मी वर येऊ दिला नाही.

आमच्याकडे नवा खाण्याची पद्धत आहे. नवीन धान घरात आला की त्याचा पहिला भात देवाला दाखवायचा आणि घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून खायचा. तो झाल्याशिवाय नवीन तांदूळ चुलीवर चढत नाही. धान आपल्याच वावरातला लागतो, विकतचा चालत नाही. त्या वर्षी काकींपुढे प्रश्न पडला. वावरातला धान तर सडला होता. एका रविवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली. "मास्तर, हे बोरी जरा चक्कीवर टाकून आना." मी मास्तर नव्हतो, पण प्रशिक्षण केंद्रात असल्यामुळे त्यांच्या दृष्टीने होतो. मी तोंड बांधलेली बोरी मोटारसायकलवर टाकली, चक्कीवर धान भरडून तांदूळ करून आणला. संध्याकाळी पंगत बसली. काकींच्या बहिणीकडचे लोक, शेजारचं घर, मी, असे अकरा जण होतो. झाडीपट्टीतले, भातावर वाढलेले अकरा जण. काहीही उरलं नाही. मी तीन वेळा भात घेतला.

दोन दिवसांनी काकाजी परत आले. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा होता. चप्पल काढून ते थेट वर गेले. खाली आले ते सावकाश, भिंतीला हात लावत.

"ढोली खाली आहे."

काकी पीठ मळत होत्या. "नवा केला ना. आपल्या वावरातला पाह्यजे का नाही?"

"जुना होता थो. मागच्या सालचा."

"मंग? देव का तारीख पाह्यते?"

"सतरा होता."

"मालूम आहे सतरा होता. कामठ्याले भावजीकडे बी ठेवता ना तुमी दरसाल?"

"यंदा नाही ठेवला. त्याचं छप्पर गळून राहिलं होतं."

काकींचे हात पिठात थांबले. सवत म्हणून ज्याचा रोज उद्धार केला, तो खरोखर गेला आहे हे कळल्यावर त्यांचं तोंड एकदम लहान झालं. डोळ्यांना पदर लावायला गेल्या तर हाताला पीठ. "मले सांगाचं ना मंग," त्या म्हणाल्या. "चाळीस साल सांगत आले सतरा सतरा, एवढंच नाही सांगतलं."

काकाजी खाटेवर बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. पाच मांजरं येऊन त्यांच्या पायाशी बसली, त्यांची दुपारच्या हजेरीची वेळ झाली होती. काकाजींनी विचारलं, "किती जन जेवले?"

"अकरा."

"बरं." मग त्यांनी काळा चष्मा माझ्याकडे वळवला. "तुमच्या बाबूजीनं त टाकला होता ना?"

मी म्हटलं, "टाकला होता." पाचव्यांदा.

"चला मंग."

डॉक्टरांनी आठ दिवस धूळ आणि ऊन टाळायला सांगितलं होतं. काकाजी डोक्याला दुपट्टा गुंडाळून, काळा चष्मा लावून माझ्यामागे बसले आणि आम्ही सालेकशाच्या वाटेला लागलो. आमगावात थांबून बिनसाखरेचा चहा घेतला. खरं सांगून टाकायचं मी तीनदा ठरवलं आणि तिन्ही वेळा समोरून ट्रक आला. शेवटी रेल्वे फाटक बंद मिळालं. मालगाडी होती, ती काही संपत नव्हती. मी गाडी बंद केली आणि मागे न पाहता म्हणालो, "काकाजी, मी बाबूजींना कधी विचारलंच नाही. पाकीट आईजवळ दिलं होतं. त्यांनी टाकला का, मला माहीत नाही."

"मालूम आहे."

"कसं?"

"ज्यानं टाकला, थो मानूस किती झाला हे बी सांगते. तुमी कधी सांगतलं नाही."

"मग आपण कायले जाऊन राहिलो?" माझीही बोली अशा वेळी घरची होते.

"तुमी विचारलं नाही," काकाजी म्हणाले. "म्हनून बाबूजीनं टाकला नाही, असं थोडी आहे?"

फाटक उघडलं.

बाबूजी दारात बसून दोर वळत होते. मोटारसायकलवरून दुपट्टेवाला, काळा चष्मेवाला, पांढऱ्या शर्टाचा माणूस उतरताना त्यांनी पाहिला, तसे ते उठून उभे राहिले. मी काही बोलायच्या आत घरात गेले आणि तेलाचा एक जुना डबा दोन्ही हातांनी धरून बाहेर आले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"साहेब, दरसाल टाकला जी. एकही साल चुकलो नाही. वेगळाच ठेवला. पाहून घ्या."

झाकणावर मूळ पाकिटाचा खाकी तुकडा भाताच्या पेजेने चिकटवला होता. निळ्या शाईत १७.

मी विचारलं, "बाबूजी, पण तुम्हाला कुणी सांगितलं होतं टाकायला?"

"नंबर होता ना त्याच्यावर," बाबूजी दबक्या आवाजात म्हणाले. "मी म्हनलो सरकारी असन. कोनी पाह्याले आलं त?"

आतून आई म्हणाली, "चार सालापासून त्या कोपऱ्यात कोंबडीले जाऊ देत नाही हा मानूस. मले बी जाऊ देत नाही. साहेब येतीन म्हनते."

काकाजींनी काळा चष्मा काढला. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं. मूठभर धान तळहातावर घेऊन त्यांनी तो उन्हात धरला. दाण्याच्या टोकाशी बारीक तपकिरी ठिपका असतो, त्याच्यावरून ते ओळखत. मग दाणे तळहातावरच पसरवून बोटाने एक बाजूला केला. "हे एक भेसळ आहे," ते म्हणाले. "बाकी सतराच." त्यांच्या डोळ्यातून पाणी येत होतं. ते ऑपरेशनमुळे होतं की कसं, हे मी सांगू शकत नाही.

मी बाबूजींना सगळं समजावून सांगितलं, हे साहेब नाहीत, माझे घरमालक आहेत. बाबूजींची निराशा झाल्यासारखी दिसली. काकाजींनी एक पायली धान मोजून घेतला, बाकीचा डबा जागेवर ठेवायला सांगितलं आणि माझ्याकडून कागद मागून त्यावर लिहिलं: सतरा नंबर धान एक पायली मिळाला. खाली सही. बाबूजींनी तो कागद आधार कार्डाच्या पिशवीत ठेवला.

कुडव्याला परत आल्यावर मी माझ्या आयुष्यातला पहिला उपयोगी अर्ज लिहिला. शेतकी खात्याला कळवलं की आपलं एक पाकीट परत करायचं राहिलं आहे. चार वेळा स्मरणपत्र पाठवलं. पुढची कापणी होऊन गेली आणि मग एक दिवस खरोखरच साहेब आले. बत्तीस-तेहतीस वर्षांचा चुणचुणीत मुलगा होता, पाठीवर बॅग. काकाजींनी आंघोळ करून नवा शर्ट घातला आणि पाकीट आणून त्यांच्या समोर ठेवलं. खाकी, वर १७.

साहेब जुन्या नोंदी पाहून आले होते. जरा संकोचूनच बोलले. "काकाजी, एक सांगायचं होतं. त्या वेळी नवीन वाण एक ते सोळाच होते. सतरा नंबर नवीन नव्हता. बाकीच्यांशी तुलना करायला म्हणून इथलाच साधा गावठी धान पाकिटात भरला होता. तेव्हा सगळेच तो पेरत होते."

काकी दारात उभ्या होत्या. मी जमिनीकडे पाहत होतो.

"पाकिटात त होता ना?" काकाजींनी विचारलं.

"हो, होता."

"मंग घ्या वापस. अन् सही करा."

साहेबांनी सही केली. ते पुढे म्हणाले की ते सोळा वाण आता कुणाकडे नाहीत आणि हा सतरावाही बाकी कुठे दिसत नाही, त्यामुळे नमुना कामाचा आहे. काकाजींनी सही वाळायची वाट पाहिली आणि कागदाची घडी केली. काकींनी साहेबांना सतराचा भात वाढला. साहेबांनी दोन घास खाऊन, चमच्याला चिकटलेला भात बोटाने काढत, सभ्यपणे विचारलं, "चवीला पहिल्यापासून असाच का, काकाजी?"

"मले का मालूम? मले शुगर आहे. चौदा सालापासून भात बंद आहे."

दुसऱ्या दिवशी बाजार होता. काकाजी थैली घेऊन गेले आणि दुपारी तशीच रिकामी थैली घेऊन परत आले. वांगी घ्यावी की भेंडी, ठरेना म्हणाले. काकींना ते थट्टा करतात असं वाटलं. पण त्या आठवड्यात मुलाचा फोन आला, पुण्याला या म्हणून, तर काकाजी म्हणाले, "येऊ का?" आणि मुलगा काय म्हणतो याची वाट पाहत राहिले. लग्नाच्या दोन पत्रिका एकाच दिवसाच्या होत्या. ते दोन्हीकडे गेले नाहीत. मांजरं वरच्या दाराशी बसून राहत. नळाखाली बादली भरून वाहत होती आणि काकाजी शेजारी उभे होते, तेव्हा मात्र काकी माझ्या खोलीशी आल्या.

"मास्तर, त्या पोट्ट्या साहेबाले फोन लावा. याले काहीतरी ठेवाले दे मनावं."

"काय ठेवायला?"

"काही बी. नंबर टाकून."

मी फोन केला. साहेब हुशार होते, एका वाक्यात समजले. चार दिवसांनी ते आले. खाकी पाकीट, वर निळ्या शाईत ४. त्यांनी गंभीरपणे सांगितलं की वेगळा पेरायचा, भेसळ होऊ द्यायची नाही, कापणीच्या वेळी मी येतो. मग एका वहीत काकाजींची सही घेतली. काकाजींनी पाकीट खिडकीशी नेऊन उजेडात हलवून पाहिलं, मांजरांकडे पाहिलं आणि काकींना म्हणाले, "बाजार आज आहे ना? थैली कुठं आहे? वांगीच आनतो."

पुढे माझी भंडाऱ्याला बदली झाली. कार्ड न लिहिताच झाली. अधूनमधून फोन करतो तेव्हा काकाजी चार नंबरची खबर देतात: लोंबी भरली, उंदीर नाही, साहेब अजून आले नाहीत. पाकिटात काय होतं ते मला माहीत आहे. साहेबांना मीच स्टेशनवरून घेऊन आलो होतो. वाटेत कुडव्याच्या चौकात त्यांनी बियाण्याच्या दुकानातून धानाची दहा किलोची पिशवी घेतली आणि माझ्या गाडीच्या सीटवर ठेवून त्यातली एक मूठ पाकिटात भरली. त्या वर्षी जिल्ह्यात जिकडे तिकडे तोच धान होता. उरलेली पिशवी मी बाबूजींना दिली. तिच्यावर नंबर नव्हता, त्यामुळे त्यांनी ती कोंबड्यांना घातली.